प्रतापनगर ते हिंगणा रोड, व्हाया इंडियन ओशन

शुक्रवार

पुण्याहून संध्याकाळची गाडी पकडली की दौंड, मनमाड, भुसावळ झोपेतच जातं आणि उजाडेपर्यंत विदर्भ लागलेला असतो. या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी मेथीचे पराठे दिले, मुलगा हिंजवडीला असतो हे सांगितलं आणि नागपूरला काय काम काढलंत म्हणून विचारलं. गाण्याचा कार्यक्रम आहे म्हटल्यावर त्या खुलल्या.

"शास्त्रीय का?"

"नाही, बँड आहे. रॉक."

त्यांनी माझ्या पिकलेल्या दाढीकडे एकदा नीट पाहिलं आणि पराठ्यांचा डबा बंद केला.

बँड म्हणजे इंडियन ओशन. १९९० साली दिल्लीत उभा राहिलेला. सुस्मित सेनची गिटार आणि असीम चक्रवर्तीचा तबला ही जोडी त्याच्याही आधीपासूनची. १९९१ मध्ये बेस गिटार घेऊन राहुल राम आला, १९९४ मध्ये ड्रमवर अमित किलाम. आमच्यापर्यंत ते पोचले २००० सालच्या 'कंदीसा'तून. मी तेव्हा नागपुरात शिकत होतो. सीताबर्डीच्या एका दुकानातून आणलेली ती कॅसेट हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर इतकी फिरली की शेवटी पट्टी पेन्सिलीने गुंडाळूनसुद्धा वळेना. तोवर रॉक म्हणजे आमच्यासाठी कॉपी करून आणलेला डीप पर्पल आणि मेटालिका. अर्धे शब्द कळायचे नाहीत, पण मान जोरात हलवायची. इथे मात्र नर्मदेकाठचं गाणं होतं, हिंदी कवी गोरख पांडेंच्या ओळी होत्या, केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची प्रार्थना होती आणि तरी ते सगळं रॉकच होतं. कोणी कोणाची नक्कल करत नव्हतं.

असीमला मी पुढे पुण्यात प्रत्यक्ष ऐकलं. मांडी ठोकून बसायचा, हात तबल्यावर, तोंड माइकला. गाता गाता वाजवणं अवघड असतं, वाजवता वाजवता असं गाणं त्याहून अवघड. २५ डिसेंबर २००९ ला तो गेला. २०१३ मध्ये सुस्मितनेही बँड सोडला. त्यानंतर मी त्यांच्या कार्यक्रमाला गेलो नव्हतो. जमलं नाही म्हणालो तर खोटं होईल, जावंसंच वाटलं नाही. कॅसेट, मग सीडी, मग फोन, असं ऐकणं चालू होतं.

मग त्या वेळच्या रूममेटचा मेसेज आला: "शनिवारी इंडियन ओशन येऊन राहिली आपल्याकडं. पोरीच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये. पास काढले. येतो का नाही ते सांग, नाटकं नको करू." तिकीट त्याच दुपारी काढलं.

शनिवार

बडनेऱ्याला जाग आली ती थंडीने. जानेवारीच्या शेवटी विदर्भात सकाळची थंडी अशी असते की दाराशी उभं राहून वर्धा नदी बघण्याची हौस एका मिनिटात फिटते. पुलगावला चहा घेतला. वर्ध्याला काकू उतरल्या, जाताना "गाणं चांगलं होऊ दे" म्हणाल्या.

मित्र स्टेशनवर घ्यायला येणार होता. त्याला नको म्हटलं, कारण मला मेट्रोने जायचं होतं. आम्ही शिकत होतो तेव्हा या शहरात सायकल आणि ऑटो याशिवाय गती नव्हती. आता रेल्वे स्टेशनपासून अॅक्वा लाइन पकडली की सीताबर्डी, झाशी राणी चौक, शंकरनगर करत सरळ सुभाषनगर. धरमपेठ कॉलेजच्या पुढे अंबाझरी तलाव एका बाजूला उघडतो. त्या तलावाच्या कठड्यावर आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री बसत असू. वरून तो एवढा मोठा असेल असं कधी वाटलं नव्हतं.

प्रतापनगरला मित्राच्या घरी वहिनींनी चहा दिला, पण नाश्ता दिला नाही. "तुम्ही दोघं बाहेरच जाणार आहात, मला माहीत आहे," म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं.

तर्री पोहे पुण्यात मिळतात असं सांगणारी माणसं मला भेटलेली आहेत. त्यांना एकदा कस्तुरचंद पार्कच्या बाजूला सकाळी आणून उभं करायला हवं. पोहे साधेच असतात, पिवळे, मोकळे, थोडे कोरडेच. खरी कारागिरी तर्रीच्या पातेल्यात. काळे हरभरे खाली, त्यावर रस्सा आणि सगळ्यात वर बोटभर लाल तेलाचा थर. वाढणारा पळीच्या पाठीने तो थर हलकेच बाजूला सारतो, खालून चणे उचलतो आणि पळी वर आणता आणता हवं तेवढंच तेल त्यात येऊ देतो. "तर्री मारून" म्हणालात तर जास्त. ही सगळी हालचाल दोन सेकंदांची. मी तीनदा मागून घेतली, शेवटची फक्त बघण्यासाठी.

दुपारी सावजी झालं. सावजीवर सगळ्यांचं लिहून झालेलं आहे, मी फक्त घाम पुसला.

मधल्या वेळात बर्डीवर चक्कर मारली. कॅसेटचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. मित्र कृषी खात्यात आहे. दुकानासमोर उभं राहून त्याला जुनी आठवण आली. "ते एक होतं ना बे, 'बोल वीव्हिल'? मी किती दिवस समजत होतो का ते आपल्या बोंडअळीवर आहे." ती रचना 'डेझर्ट रेन'वरची, त्यांच्या १९९७ च्या लाइव्ह अल्बमवरची. मग भर रस्त्यात मला शिकवणी मिळाली: बोल वीव्हिल हा भुंगा, अमेरिकेतल्या कापसाचा शत्रू, आपल्याकडे तो नाहीच, २०१७ मध्ये इथल्या कापसाची वाट लावली ती गुलाबी बोंडअळीने, आणि ती पतंगाची अळी. "भुंगा वेगळा, अळी वेगळी. गाणारे दिल्लीचे, त्यांना काय घेणं," असं म्हणून त्याने विषय मिटवला.

संध्याकाळी सुभाषनगरहून लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो आणि तिथून ऑटो. हिंगणा रोडच्या बाजूला शहर संपता संपता कॉलेजचं मैदान. मनगटाला कागदी पट्टी बांधून आत गेलो. पोरं टीशर्टवर, आमच्या वयाचे पाच-पंचवीस लोक कानटोपी घालून. कानटोपीवाले एकमेकांना बघून मान हलवत होते. ओळख नव्हती, पण कशासाठी आलोय ते दोन्हीकडून कळत होतं.

सातची वेळ होती. साडेआठपर्यंत सत्कार चालले. शाली, रोपटी, मग प्रायोजकांची नावं, मग ती नावं पुन्हा एकदा. मित्र म्हणाला, "इतक्या वेळात तर बँडचे अजून दोन मेंबर बदलले असते." हा विनोद मला आवडला नाही, पण हसू आलं.

ते मंचावर आले तेव्हा मी आधी जागा मोजल्या. राहुल राम मधोमध, तेच लांब केस, आता पांढरे. मागे ड्रमवर अमित किलाम. गिटारवर निखिल राव. आणि असीम जिथे बसायचा त्या कामासाठी दोघं: तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, गायला हिमांशू जोशी. एका माणसाचं काम दोघांत वाटावं लागलं, यातच असीमचं मोजमाप आलं असं आम्ही जुने लोक म्हणत आलो आहोत. प्रत्यक्ष ऐकताना मात्र ते एवढ्यावर सुटत नाही.

पहिली दोन गाणी आवाजाने खाल्ली. मोकळं मैदान आणि समोर कॉलेजची सहा मजली भिंत. बेसचा प्रत्येक स्वर भिंतीवर आपटून परत यायचा आणि पुढच्या स्वराच्या पायात घुटमळायचा. गळा कुठेतरी खाली दबलेला. साउंडवाल्या पोराने मग खालचे स्वर उतरवले, गळ्याचा आवाज वर घेतला आणि तिसऱ्या गाण्यापासून सगळं आपापल्या जागी बसलं. थंडीचा दुसरा त्रास तबल्याला. दव पडायला लागलं की कातडं सैल होतं आणि स्वर उतरतो. तुहीन दर गाण्यानंतर हातोडी घेऊन गट्टे ठोकत होता, कान चाटीजवळ नेऊन, आणि तेवढ्यात राहुल राम माइकवर गप्पा मारत वेळ भरून काढत होता. तो काय बोलला ते इथे लिहीत नाही. 'ऐसी तैसी डेमोक्रसी' हा त्याचा राजकीय विनोदाचा कार्यक्रम ज्यांनी पाहिलाय त्यांना अंदाज येईल, बाकीच्यांनी प्राध्यापक मंडळींच्या चेहऱ्याची कल्पना करावी.

'हिल्ले रे'ला पोरं उठली. त्यांना गाणं माहीत नव्हतं, पण ते गाणं माहीत असावं लागत नाही.

मग 'मां रेवा'. हे गाणं राहुल रामने नर्मदेच्या खोऱ्यातून आणलेलं. कॉर्नेलमधून पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर डॉक्टरेट करून आलेला हा माणूस, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनात होता. आमच्या हॉस्टेलमध्ये या गाण्याला वेगळा मान होता, कारण त्याच काळात वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे उठून नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले होते. विदर्भातल्या पोरांना ती नदी नकाशावर दूर असली तरी परकी नव्हती. आज ऐकताना जाणवलं की हे गाणं बेसचं आहे. आधी कॅसेटमध्ये मी गिटारच्या मागे जायचो, आज पूर्णवेळ त्या चार जाड तारांकडे बघत होतो. चाल खालून वाहते, वर गिटार आणि गळा नुसते तरंगतात. आणि हे मी बिनदिक्कत सांगतो: कॅसेटवरच्यापेक्षा आजचं 'मां रेवा' मोठं होतं. वय झालेला आवाज त्या गाण्याला शोभतो.

मध्ये अमित किलामने ड्रम सोडून गबगुबी घेतली. आपल्याकडे अनेकांनी ती बंगालच्या बाउल गायकांच्या हातात पाहिली असेल. एका बाजूने कातडं ताणलेलं लहानसं पिंप काखेत दाबून धरायचं. कातड्याच्या मधून निघालेल्या तारेचं दुसरं टोक एका मुठीला बांधलेलं, ती मूठ डाव्या हातात. उजव्या हाताने तार छेडायची आणि डावा हात सैल-घट्ट करत राहायचं. ताण वाढला की स्वर वर पळतो, सोडला की घसरतो. पडदे नाहीत, खुणा नाहीत, सगळं मनगटावर. आम्ही मंचाच्या डाव्या बाजूला अगदी पुढे सरकलो होतो, त्यामुळे त्या मुठीचं इंच-दीड इंचाचं पुढेमागे होणं दिसत होतं. एवढ्याशा हालचालीत ते वाद्य कधी हसतं, कधी भांडतं. माझ्या शेजारच्या पोराने रील काढायला फोन वर केला, आणि थोड्या वेळाने रेकॉर्डिंग न करताच तसाच हात वर ठेवून बघत राहिला.

त्यानंतर २०२३ च्या 'तू है' अल्बममधलं एक गाणं झालं. निम्मं मैदान मोमोज आणायला गेलं. माझ्या मते रात्रीतलं सगळ्यात घट्ट वाजलेलं तेच. त्या गाण्याला कोणाचं भूत नाही. पाचही जण ते आपलं म्हणून वाजवत होते, कोणाची जागा भरत नव्हते. निखिल रावची गिटारही तिथेच मोकळी झाली. जुन्या गाण्यांत तो सुस्मितच्या वळणांना मान देऊन जातो, ते योग्यच आहे, पण त्यात माणूस थोडा अंग चोरून बसतो.

'बंदे'ची मागणी दुसऱ्या गाण्यापासून चालू होती. "बंदे! बंदे!" असं दर शांततेत कोणीतरी ओरडायचं. हे गाणं ज्या 'ब्लॅक फ्रायडे'मधलं, तो सिनेमा १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा. खटल्याचा निकाल लागेपर्यंत कोर्टाने अडवला आणि शेवटी २००७ मध्ये लागला. गाणं मात्र तोवर घराघरात पोचलं होतं. पीयूष मिश्रांचे शब्द. बँडला याच गाण्याने पैसा-प्रसिद्धी दिली असेल, पण ज्यांच्याकडे दहा-दहा मिनिटांच्या रचना आहेत त्यांना चार मिनिटांच्या गाण्यासाठी तासभर ओरडून छळणं मला पटत नाही. मित्राचं मत उलट. "पोट्ट्यांनी पास काढले ना? ओरडून राहिले तं ओरडू दे. तू पण आधी 'कंदीसा'साठी असाच बोंबलत होता." ते खरं होतं.

'कंदीसा' शेवटून दुसरं आलं. सुरुवातीचा तो संथ, चर्चमधल्यासारखा भाग सुरू झाला तेव्हा मी कानटोपी काढली. असीम आणि राहुल हे मिळून गायचे तेव्हा वाजवणं आणि श्वास एकाच छातीतून यायचे. ओळ संपताना तबला किंचित रेंगाळायचा, कारण गाणाऱ्यालाच श्वास घ्यायचा असे. आता तबला रेंगाळत नाही. तो वेळेवर येतो, स्वच्छ येतो. हिमांशूचा गळा वर जाताना कुठेही ओढाताण करत नाही, त्यात पहाडी मोकळेपणा आहे. बिनचूक झालं. मला ती रेंगाळलेली थाप हवी होती, आणि ती कोणाकडे मागायची नसते. शेवटच्या भागात सगळं मैदान एका स्वरात आलं, मीही आलो.

मग 'बंदे', मग फटाके, मग परत एकदा प्रायोजकांची नावं.

मेट्रो बंद झालेली. मित्राची मुलगी तिच्या मैत्रिणीच्या गाडीतून आम्हाला घेऊन आली. हिंगणा नाक्याजवळ चहा प्यायलो. घशातून आवाज निघत नव्हता, तरी मित्र चहावाल्याला सांगत होता, "हा पुण्याहून गाणं ऐकायला आला. पुण्याहून!" चहावाल्याने त्याला विचारलं, "तिकडं होत नाही का गाणे?"

रविवार

उशिरा उठलो. वहिनींनी आज मात्र घरीच वडाभात केला होता, वर फोडणीचं तेल. "भाऊजी, पुण्यात असा मिळत असेल तर सांगा," म्हणाल्या. मी सांगितलं नाही, कारण खात होतो.

टेबलावर वाद झाला. मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला हा बँड कळला 'मसान'मधून, २०१५ च्या. 'तू किसी रेल सी' ऐकून ती मागे मागे गेली. मी माझं रेंगाळलेल्या थापेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, असीम गेले तेव्हा मी पाळण्यात होते. मला 'कंदीसा' म्हणजे हिमांशूच. आणि हिशोब केला तर आता ते हे गाणं असीमपेक्षा जास्त वर्षं गाऊन राहिलेत."

मी मनातल्या मनात हिशोब केला. कॅसेट २००० ची, थोडं आधीपासून गात असतील असं धरलं तरी २००९ पर्यंतच. हिमांशू २०१० पासून. पोरगी बरोबर होती.

"तरी," मी म्हणालो.

"तरी काय?"

"तरी पहिला तो पहिला."

"हे काही आर्ग्युमेंट नाही, काका."

मित्राने भात वाढून घेत दोघांनाही गप्प केलं. गाडी संध्याकाळची, त्यामुळे दुपारी वहिनींच्या आग्रहाने कामठीला ड्रॅगन पॅलेसला गेलो. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या देणगीतून १९९९ मध्ये उभं राहिलेलं हे बुद्धमंदिर आम्ही शिकत असताना नवंकोरं होतं आणि आम्ही कधी गेलो नव्हतो. पांढरंशुभ्र, आत चंदनाची बुद्धमूर्ती. पादत्राणं काढून जमिनीवर बसलो. मुलीने कानाशी येऊन विचारलं, "'नम म्यो हो' कुठल्या अल्बमवर आहे?" 'झीनी', २००३. निचिरेन बौद्ध परंपरेतल्या जपाचे शब्द घेऊन केलेलं ते गाणं. बाहेर बागेत येऊन तिने ते फोनवर लावलं, एक इयरफोन तिच्या कानात, एक माझ्या. वहिनी म्हणाल्या, "देवळात येऊनही तेच!"

परतीच्या वाटेवर संत्रा बर्फी घेतली. मृग बहाराची संत्री बाजारात यायला अजून वेळ होता, गाड्यांवर होती ती आंबिया बहाराची उरलीसुरली, मित्राने हात लावू दिला नाही. "हे पुणेकरांसाठी ठेवतात," म्हणाला.

स्टेशनवर मुलीने विचारलं, सुरुवातीपासून ऐकायचं तर कुठून? मी सांगितलं: 'डेझर्ट रेन'पासून. लाइव्ह आहे, खोकलेले लोकही ऐकू येतात, चौघं एकमेकांकडे बघत वाजवतायत हे कळतं. मग 'कंदीसा', मग 'झीनी', मग '१६/३३० खजूर रोड'. हा शेवटचा २०१० चा, करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करायचे त्याच्या पत्त्याचं नाव दिलेला. गाणी त्यांनी एकेक करून इंटरनेटवर फुकट वाटली होती. असीमचा आवाज असलेला शेवटचा अल्बम. मित्राला हा क्रम अजिबात मान्य नव्हता, त्याच्या मते 'कंदीसा' आधी, बाकी सगळं नंतर. गाडी सुटली तरी प्लॅटफॉर्मवरून तो तेच सांगत होता.

अजनी गेलं, बुटीबोरी गेलं. वर्ध्याला मुलीचा मेसेज आला: तिने शेवटून सुरुवात केली आहे, 'तू है'पासून उलटं. आणि वर विचारलंय, पुण्यात त्यांचा पुढचा कार्यक्रम असला तर राहायला जागा आहे का.

आहे म्हणून कळवलं. बाप आला तर हॉलमध्ये झोपावं लागेल, हेही कळवलं.